दोरी बांधलेली सुरी

"म्हातारी पडली!" गवळी बांधावरूनच ओरडत आला आणि सुनेच्या हातातली बादली जागच्या जागी कलंडली.

"कधी?"

"परवाच्या वादळात. मुळासकट आडवी झालीय. आत्याबाई म्हणाल्या, असाल तसे या, पानं मिटायला लागलीत."

म्हातारी म्हणजे कोणी बाईमाणूस नव्हे. पुलापलीकडच्या गावात, सासऱ्यांच्या बहिणीच्या परसात उभं असलेलं ते संत्र्याचं झाड. या घराची सगळी बाग तिच्याच फांद्यांवरच्या डोळ्यांपासून, म्हणजे पानाच्या बेचक्यातल्या कोंबांपासून, वाढलेली. त्या बागेला डिंक्या लागला, खोडं रडायला लागली आणि एकेक झाड उभ्या उभ्या वाळलं. धडधाकट राहिली ती एकटी म्हातारी. सुनेने हार मानली नव्हती. जंगली लिंबाच्या बिया लावून, घागरी वाहून वाहून तिने परसात पिशव्यांमध्ये कलमासाठी खुंट वाढवले होते. आता खुंटाला पाणी चढलं होतं, नखाने टोचलं तरी साल सुटत होती. म्हातारीचे डोळे पिकले की ते काढायचे, या खुंटांच्या सालीखाली बसवायचे आणि बाग पुन्हा उभी करायची, असा सगळा बेत होता. आणि आता म्हातारीच आडवी!

"मामंजी, आज नाही तर कधीच नाही," सून म्हणाली. "जिवंत आहेत तोवर डोळे आणायचे आणि आजच्या आज भरायचे. उद्या काड्या चुलीत घालायच्या लायकीच्या होतील."

सासरे आधीच दगडावर सुरी घासायला बसले होते. पंचक्रोशीत त्यांना डोळेवाले म्हणत. डोळा भरावा तो त्यांनीच. सुरी म्हटली तर बोटभर पात्याची, एका बाजूने परजलेली, मुठीच्या टोकाला साल उचलायला हाडाची जीभ. पातं घासून झालं की ते डाव्या हातावरून फिरवून बघायचे. केस अलगद उतरला तर पातं डोळ्याच्या लायक, नाहीतर परत दगडावर. जन्मभर हेच केल्यामुळे त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत केस म्हणून नव्हता. त्यांचा मुलगा लहानपणी समजायचा की सगळ्यांच्याच बापाचा डावा हात असा गुळगुळीत असतो.

"सुरी घेताय खरी," सून म्हणाली, "पण परवा ती गाडी काय ओरडत गेली ते ऐकलंत ना?"

पेठेत दोन दांडगटांची जुंपली होती, सुऱ्या निघाल्या होत्या, एकाचा जीव जाता जाता वाचला होता. तेव्हापासून पोलिसांची भोंगा लावलेली गाडी गावोगाव फिरत होती.

"ऐकलं की. विनाकारण सुरी बाळगणाऱ्याला धरतील, असं म्हणाली. आपल्याला कारण आहे."

सासऱ्यांसारखा कायद्याला भिणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा ते डाव्या कडेने चालायचे. 'इथे थुंकू नये' अशी पाटी दिसली की त्यांचा घसाच कोरडा पडायचा. असा माणूस सुरी कमरेला खोचून निघाला, तर तो कारण असल्याशिवाय निघेल का?

सुनेने स्कूटर काढली. सासरे मागे बसले, मांडीवर ओलं पोतं, एक हात सुनेच्या खांद्यावर. एरवी ते "सावकाश, सूनबाई, सावकाश" म्हणत दर वळणाला देव आठवायचे. आज उतारावर तेच म्हणाले, "अगं, बैलगाडी आहे का ही? पळव!" पूल मागे पडला, नाका मागे पडला. नाक्यावरचा हवालदार नळावर तोंड धूत होता, त्याने मान वर करून पाहिलंही नाही.

म्हातारी परसात कुशीवर पडली होती. मुळं आभाळाकडे, माती गळतेय. आत्याबाई पदर तोंडाला लावून पायरीवर बसल्या होत्या. भावाला बघताच त्यांना रडू फुटलं, पण भावाला रडायला फुरसत नव्हती. त्याने खाली पडलेल्या एका फांदीचं पान मुठीत चुरून नाकाशी नेलं.

"आहे! अजून जीव आहे गं हिच्यात!"

मग काय विचारता. सासरे फांद्यांमध्ये शिरले, काटे हाताला ओरबाडत होते, त्याची शुद्ध नव्हती. गोल, पेन्सिलीएवढ्या काड्या ते निवडून उतरवत होते. सून त्यांची पानं तोडायची, देठ तेवढे ठेवायची आणि काडी ओल्या पोत्यात गुंडाळायची. आत्याबाईही डोळे पुसून उठल्या आणि पोत्यावर पाणी शिंपडायला लागल्या. गरम वारा सुटला होता. पोतं वरून सुकायचं, आत्याबाई पुन्हा शिंपडायच्या.

"एवढ्याने बाग होईल?" आत्याबाईंनी विचारलं.

"दोन बागा होतील," सासरे म्हणाले. ते हसत होते. सुनेने त्यांना इतकं हसताना डिंक्या लागल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि तिलाही उगीचच हसू यायला लागलं.

परतताना नाक्यावर रांग होती. हवालदार आता कामाला लागला होता. स्कूटरच्या पुढे पेठेतला न्हावी उभा होता. त्याच्या पेटीत वस्तरे असतात हे गावातलं शेंबडं पोर सांगेल.

"पेटीत काय?" हवालदाराने विचारलं.

"साबण, फडकी," न्हावी म्हणाला आणि सुटला.

हवालदाराने स्कूटरकडे पाहिलं. घामेजलेली बाई, मागे म्हातारा, मांडीवर पोतं. त्याने नुसता हात हलवला, जा म्हणून. सुनेने गाडीचा कान पिळला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब, थांबा. माझ्याकडे सुरी आहे."

सुनेने करकचून ब्रेक दाबला.

आता यात सासऱ्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? हा नाका त्यांच्या जन्माच्या आधीपासूनचा. संत्र्यांची गाडी घेऊन ते याच नाक्यावरून हजारदा गेले होते. नाक्याशी थांबायचं, काय माल आहे तो आपणहून सांगायचा, मग नाका सोडतो. लपवणारा अडकतो, सांगणारा सुटतो. ही त्यांच्या बापाची शिकवण. त्यांनी कमरेची सुरी काढली आणि दोन्ही तळव्यांवर ठेवून, संत्रं पुढे करावं तशी, हवालदारापुढे धरली.

हवालदार बिचारा दोन पावलं मागे सरला. रांगेतले सगळे टकामका बघायला लागले. इतक्या माणसांदेखत समोर आलेली सुरी न पाहिल्यासारखी कशी करणार?

"आजोबा," तो हळूच म्हणाला, "तुम्हांला कोणी विचारलं होतं का?"

"विचारायची वाट कशाला बघायची? नोंद करून घ्या म्हणजे झालं."

"नोंदच करावी लागणार आता," हवालदार म्हणाला आणि त्याने कपाळाला हात लावला.

नाक्याला लागूनच चौकी होती. दोन खोल्या आणि पुढे भिंत घातलेलं अंगण. हवालदाराने सासऱ्यांचे खिसे झाडले, कंबर चाचपली, पायातल्या वहाणा काढून उलट्या करून पाहिल्या. मग त्यांना भिंतीशी, खाली, फरशीवर बसवलं. बाकडं रिकामं होतं, पण बाकडं धरून आणलेल्यांसाठी नसतं म्हणे. सासरे गुडघे पोटाशी घेऊन बसले. येणारे-जाणारे फाटकातून डोकावत होते. त्यांतले निम्मे त्यांना ओळखत होते, आणि ज्याने त्याने तेच विचारलं: "डोळेवाले? सुरी?" सुनेला वाटलं धरणीने पोटात घ्यावं. सुरीला सुतळीने एक चिठ्ठी बांधून हवालदाराने ती टेबलावर ठेवली.

"साहेब कधी येणार?" तिने विचारलं.

"फौजदार बंदोबस्ताला गेलेत. येतील दिवस मावळेपर्यंत. ते आल्याशिवाय आजोबांना सोडता येत नाही."

"मग सुरी तरी द्या. मी दुसऱ्या कोणाकडून..." पण बोलता बोलता तिलाच कळलं की दुसरं कोणी नाही. दुसरा हात नाही, दुसरी सुरी नाही. भाजीच्या सुरीने साल चेंगरते, चेंगरलेल्या सालीखाली डोळा कुजतो.

"सुरी? सुरी तर मुद्देमाल आहे, ताई. ती या फाटकाबाहेर गेली तर माझी नोकरी जाईल."

सून पोत्याशी येऊन बसली. पोत्यात हात घातला. काड्या कोमट लागत होत्या. तिला रडू आलं, रागही आला. राग सासऱ्यांचा, हवालदाराचा, पेठेतल्या दांडगटांचा, साबण-फडकी म्हणून सुटलेल्या न्हाव्याचा. खोटं बोलणारा घरी जाऊन हजामत करतोय आणि खरं बोलणारा फरशीवर बसलाय! तिने चौकीच्या नळावरून ओंजळी भरभरून पोत्यावर पाणी मारलं.

मग ती एकदम थांबली. तिने फाटकाकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं.

"हवालदारसाहेब, सुरी फाटकाबाहेर जाऊ शकत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मामंजीही नाही."

"तेही नाही."

"पण फाटकाच्या आत काही आणायला बंदी आहे का?"

"काय आणायचंय?"

तोपर्यंत तिने फोन कानाला लावलाही होता. पलीकडे नवरा होता. "ट्रॉली जोडा. परसातले सगळे खुंट भरा. सगळे! बांधायच्या पट्ट्याही! आणि नाक्यावरच्या चौकीत या... अहो, नंतर विचारा काय ते! पिशव्या उभ्या ठेवा, आडव्या टाकल्यात तर माझ्याशी गाठ आहे!"

ट्रॅक्टर धडधडत फाटकातून आत शिरला तेव्हा हवालदाराच्या तोंडचं पाणी पळालं. ट्रॉलीत हिरवंगार लिंबाचं रान डुलत होतं. नवरा खाली उतरला, त्याने बापाला फरशीवर बसलेलं पाहिलं आणि त्याच्या जबड्याची शीर उडायला लागली. सून मध्ये आली. "भांडण नंतर. आधी पिशव्या उतरवा."

"अहो ताई, धरून आणलेल्या माणसाच्या हातात सुरी कशी देऊ मी?" हवालदार काकुळतीला आला. "तीही चौकीत! कोणी ऐकलं तर मला वेड्यांच्या इस्पितळात घालतील!"

"हवालदारसाहेबांचं बरोबर आहे," भिंतीशी बसलेले सासरे म्हणाले.

सुनेने कपाळावर हात मारून घेतला. "मामंजी, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"कायदा मोडायचा नाही, सूनबाई." सासरे गुडघ्यावर हात टेकून उठले. "साहेब, असं करा. त्या चिठ्ठीची सुतळी आहे ना, तिला लांब दोरी बांधा. दुसरं टोक तुमच्या पट्ट्याला. म्हणजे सुरी तुमच्याच ताब्यात राहिली. मी नुसता तिच्या या टोकाला काम करतो."

हवालदाराने सासऱ्यांकडे पाहिलं. मग रोपांकडे, मग सुनेच्या तोंडाकडे. त्याच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबला होता.

"आमच्या घरीही एक झाड होतं संत्र्याचं," तो पुटपुटला आणि दोरी शोधायला आत गेला.

आणि मग चौकीच्या अंगणात जे सुरू झालं ते बघायला नाक्यावरची रांग फाटकाशी लोटली. सासरे खुंटापुढे उकिडवे बसायचे. मातीपासून वितीवर सालीला एक आडवी चीर, एक उभी चीर, हाडाच्या जिभेने साल हलकेच उचलली की आतलं ओलं पांढरं अंग चमकायचं. दुसऱ्या हातात काडी, तिच्यावरून पात्याची एकच ओढ, डोळा ढालीसारखा निघून यायचा. तो सून झेलायची, सालीखाली सरकवायची, पट्टीने गच्च बांधायची. नवरा पुढची पिशवी सरकवायचा, झालेली बाजूला घ्यायचा. आणि या सगळ्यांच्या मागे, कमरेला दोरी बांधलेला हवालदार. सासरे पुढे सरकले की तोही सरकायचा. ते वाकले की दोरी ओढली जायची म्हणून तोही वाकायचा.

"नेमका कोणी कोणाला धरलंय?" फाटकातून कोणीतरी ओरडलं आणि सगळी रांग खदखदून हसली. हवालदारही हसला. थोड्या वेळाने त्यानेच पोतं आपल्या जवळ ओढलं आणि टोपीने पाणी शिंपडायला लागला.

सुनेच्या बोटांना पट्टीचे वळ पडले, पाठ भरून आली, पण थांबावंसं वाटत नव्हतं. चीर, डोळा, पट्टी. चीर, डोळा, पट्टी. सासऱ्यांचा हात असा चालला होता, जणू तो हात वीस वर्षांनी तरुण झालाय. पोत्यातल्या काड्या कमी होत होत्या, बांधलेल्या पिशव्यांची रांग भिंतीला लागली होती, आणि तिच्या मनात एकच घोकणं चालू होतं, होतंय, होतंय, पुरं होतंय!

तेवढ्यात फाटकाशी गर्दी फाटली. फौजदाराची गाडी आत आली.

हवालदार ताडकन उभा राहिला. दोरी ताणली, सुरी सासऱ्यांच्या हातातून निसटता निसटता राहिली. ट्रॉली, रोपं, चिखल, आपल्या हवालदाराच्या कमरेला बांधलेली दोरी आणि दोरीच्या टोकाला सुरी घेऊन बसलेला म्हातारा, हे सगळं फौजदाराने एका नजरेत पाहिलं.

"हे काय चाललंय?"

सासऱ्यांनी मान वर केली. ते थरथरत होते, सुनेला त्यांचा खांदा हलताना दिसला. सुरीचा हात मात्र हलत नव्हता.

"साहेब, साल उघडलीय. उघडी ठेवली तर वाळेल. एवढा डोळा बसवू द्या, मग उभा राहतो."

फौजदार बघत राहिला. सासऱ्यांनी डोळा काढला, सुनेने बसवला, पट्टी आवळली. मग सासरे उठले, सुरी धोतराला पुसली आणि दोन्ही तळव्यांवर ठेवून पुढे धरली.

फौजदाराने ती घेतली नाही. तो हवालदाराला एका कडेला घेऊन गेला. त्याचा आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. परत आला तेव्हा तो सुनेशी बोलला.

"कामासाठी सुरी नेता येते. हुकमातच आहे ते. पण काम खरं आहे की नाही, हे कोर्ट ठरवतं, मी नाही. नोंद झालीय, ती मला पुसता येत नाही. केस होणार."

"केस?" सासरे म्हणाले. "माझ्यावर?"

"मी स्वतः काम चालू असताना पाहिलं, असं सांगेन. सुटाल तुम्ही. सुरी तोवर इथे राहील." त्याने पोत्याकडे पाहिलं. "अजून किती राहिलंय?"

"थोडंच," सून घाईघाईने म्हणाली. ती धादांत खोटं बोलत होती.

"मग लवकर उरका," फौजदार म्हणाला आणि बाकडं ओढून बसला.

शेवटची काडी संपली तेव्हा भिंतीवरचं ऊन तांबूस झालं होतं. फाटकातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनेला वाटलं, त्या चिखलात बसकण मारावी आणि मोठ्याने ओरडावं. नवऱ्याने तिच्या डोक्यावर चिखलाचा हात ठेवला आणि ती खरंच ओरडली. सासरे मात्र हसले नाहीत. ट्रॉलीत बसताना त्यांचा हात कमरेशी गेला, तिथे काही सापडलं नाही, आणि तो तसाच मांडीवर येऊन पडला.

पट्ट्या सोडायचा दिवस आला. सुनेने पहिली पट्टी सोडली आणि तिच्या तोंडून किंकाळीच फुटली. डोळा हिरवा होता! दुसरा हिरवा, तिसरा हिरवा. ती पिशवीवरून पिशवीवर धावत होती, नवरा मागून धावत होता. म्हातारी परसात जागोजाग डोळे उघडून बघत होती.

"मामंजी, या ना! बघा तरी!"

सासरे आले, पाहिलं, "छान" म्हणाले आणि आत जाऊन बसले. चौकीतून आल्यापासून ते असेच झाले होते. गवत कापायला विळा घेऊन निघाले तरी दारात थांबायचे आणि विचारायचे, "नेऊ का?" आता कोंब वाढायचा तर वरचा जंगली शेंडा छाटायला हवा. सुनेने कात्री पुढे केली तर म्हणाले, "कात्रीने चेपतो. सुरी येऊ दे." आणि भर उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा. का ते तिला कळत नव्हतं. एका दुपारी ते हौदावर तोंड धूत होते, बाही वर गेली होती, आणि तिने पाहिलं. त्यांच्या डाव्या हातावर केस आले होते. पांढरे, बारीक, मनगटापासून कोपरापर्यंत.

त्यांनी चटकन बाही खाली ओढली. "माणूस रिकामा बसला की गवत उगवतं," ते म्हणाले. तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हवालदार आला. साध्या कपड्यांत, घामाघूम, चेहरा उतरलेला. केस निकालात निघाली होती, सासरे निर्दोष ठरले होते, कोर्टाने सुरी परत द्यायला सांगितली होती, आणि सुट्टीच्या दिवशी वाट वाकडी करून तोच ती घेऊन आला होता.

"उशीर झाला, आजोबा," तो ओट्यावर टेकत म्हणाला. "नाक्यावर नवा पोरगा आहे. वर्दी नव्हती अंगावर, मला ओळखेना. मीच म्हणालो, माझ्याकडे सुरी आहे. तुमच्यासारखं." त्याने रुमालाने मान पुसली. "वहाणा काढायला लावल्या मला. कोर्टाचा कागद तपासेपर्यंत फरशीवर बसवलं. बाकडं रिकामं असताना."

कोणी हसलं नाही. सुनेने पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला.

"नोंद केली का नीट?" सासऱ्यांनी विचारलं.

"केली."

"मग झालं." त्यांनी तांब्या उचलून त्याच्या हातात दिला. "प्या. लागतं मनाला पहिल्यांदा."

मग त्यांनी त्याच्याकडून सुरी घेतली. पात्याला तांबूस डाग धरले होते, मुठीला चौकीची दोरी तशीच लोंबत होती. ते दगडाशी बसले. परसात घासल्याचा आवाज सुरू झाला आणि सून, नवरा, हवालदार, तिघंही दगडाभोवती जमले. बराच वेळ तो आवाज चालला. मग थांबला. सासऱ्यांनी डावी बाही कोपराच्या वर सारली, सगळ्यांदेखत, आणि पातं मनगटावर टेकवलं.

पांढरे केस अलगद उतरत गेले. मनगटापासून कोपरापर्यंत हात पुन्हा स्वच्छ झाला. त्यांनी त्यावर फुंकर मारली.

"सूनबाई," ते ओरडले, आणि तो आवाज पार बांधापर्यंत गेला, "पहिली पिशवी आण!"